७८६३ वरून बोलतोय : जर्मनीतल्या हॅकर कॅम्पचे सात दिवस

सोमवार, १४ ऑगस्ट २०२३ (दिवस शून्य)

हॅकर मंडळी असल्यामुळे दिवस मोजायचे तेही शून्यापासून. कॅम्प उद्या सुरू होणार, पण तंबू-मांडव उभारायला हात द्यायचा असेल तर आजच यायचं. बर्लिनमधल्या हॅकरांच्या ज्या अड्ड्यावर, म्हणजे हॅकरस्पेसला, मी दर गुरुवारी जातो (तळघर आहे, वास येतो, पण माणसं चांगली) तिथल्या एका म्हाताऱ्याने मला सांगून ठेवलं होतं की पहिल्यांदा जातोयस ना, मग शून्याला जा, नाहीतर तुला वाटेल हे सगळं आपोआप उगवतं.

बर्लिनच्या ओस्टक्रॉइत्स स्टेशनवरून आरबी-१२ गाडी पकडली, कॅम्पजवळचं स्टेशन झेहडेनिक साधारण तासाभरावर. मे महिन्यापासून ४९ युरोचा डॉइचलांड-टिकेट नावाचा महिन्याचा पास आलाय त्यामुळे तिकिटाची कटकट नाही. डब्यात शिरल्यावरच कळलं की बरोबर गाडीत बसलोय, अर्ध्या लोकांच्या पाठीवर सॅक आणि खांद्यावर वायरची भेंडोळी, एकाने तर शेजारच्या सीटवर मिररबॉल ठेवला होता आणि उतारूंना सॉरी सॉरी म्हणत होता पण हलवत काही नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा केऑस कम्युनिकेशन कॅम्प. केऑस कॉम्प्युटर क्लब म्हणजे १९८१ साली बर्लिनमध्ये सुरू झालेली हॅकर लोकांची संघटना, आणि १९९९ पासून ते दर चार वर्षांनी उन्हाळ्यात असा तंबू ठोकून राहायचा कॅम्प भरवतात. निघायच्या आदल्या दिवशी आईला फोनवर हे सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, पोलीस धरणार नाहीत ना रे? मग तिला १९८४ ची गोष्ट सांगितली. जर्मन पोस्टाची बीटीएक्स नावाची ऑनलाइन सेवा होती, त्यात गडबड आहे असं हे लोक सांगत होते आणि पोस्टवाले मान्य करत नव्हते. मग यांनी हॅम्बुर्गच्या एका बँकेच्या खात्यावरून स्वतःचंच पान, जे एकदा उघडायचे ९ मार्क ९७ फेनिग पडायचे, रात्रभर पुन्हा पुन्हा उघडलं, सकाळी क्लबच्या नावावर जवळजवळ १ लाख ३५ हजार मार्क जमा. आणि मग पत्रकारांना बोलावून सगळं सांगून टाकलं, पैसे परत. आई म्हणाली, म्हणजे चोर नाहीत, आगाऊ आहेत. मी म्हटलं हो, तेच.

जागा मात्र एकदम वेगळी. मिल्डेनबर्गचा त्सिगेलायपार्क, म्हणजे जुना वीट कारखाना, आता तिथे म्युझियम आहे. १८८७ मध्ये इथे रेल्वे टाकताना खणलं तर माती निघाली विटांची, आणि मग काय, अख्खं बर्लिन वाढत होतंच, विटा होड्यांत भरून हाफेल नदीतून तिकडे. १९९१ ला बंद पडलं. आता मातीच्या खाणींत पाणी भरून तळी झालीयेत, उंच धुराडी उभी आहेत, मधून अरुंद रूळ गेलेत आणि हे सगळं सोडून उरलेल्या गवतावर हजारो तंबू.

मी त्या गोल भट्टीत डोकावून आलो. आपल्याकडे गावाबाहेर विटा रचतात, त्यातच कोळसा-भुसा घालतात आणि पेटवतात, भट्टी विझली की विटा काढायच्या. इथे उलटं, विटा जागच्या जागी आणि जाळ फिरतो. गोल बोगदा, त्याचे कप्पे, एका कप्प्यात आग, पुढच्यात तिच्या गरम हवेने कच्च्या विटा वाळतायत, मागच्यात पक्क्या विटा गार होतायत, मग आग पुढच्या कप्प्यात. हॉफमान नावाच्या माणसाने १८५८ मध्ये पेटंट घेतलं होतं याचं. आत भर उन्हाळ्यात गारवा होता, तिथून निघावंसंच वाटेना.

संध्याकाळपर्यंत फक्त मेखा ठोकल्या. रात्री डास. तळी म्हटल्यावर डास आलेच, पण हे डास नाहीत, ही गिधाडं आहेत.

मंगळवार, १५ ऑगस्ट (दिवस पहिला)

सकाळी व्हॉट्सॲपवर झेंडे आणि जिलबीचे फोटो, आणि मी चिखलाचे बूट घालून दात घासायच्या रांगेत.

आज माझी इज्जत गेली ती वायरवरून. मी घरचा पांढरा एक्स्टेंशन बोर्ड आणला होता, सहा पिनांचा, मस्त. वीज देणाऱ्या टीममधली बाई आली, तिने बोर्ड हातात घेतला, वायर दोन बोटांत चोळली आणि हसून परत दिला. बाहेर फक्त जाड काळी रबरी वायर चालते, एच-०७-आर-एन-एफ लिहिलेली, आणि वरती पाणी उडालं तरी चालेल असं सॉकेट. का, तर पाऊस आला, वायरवरून हातगाडी गेली, कोणी खुर्चीचा पाय ठेवला, तर तुझी ती पांढरी वायर फाटणार आणि गवत ओलं असणार. हे सगळं माहितीपत्रकात लिहिलं होतं. मी वाचलं होतं. पण आपला देशी मेंदू, चालतंय की म्हणून सोडून दिलं. शेवटी शेजारच्या तंबूतल्या दाढीवाल्याने स्वतःची २५ मीटर काळी वायर दिली, एका टोकाला पिवळी टेप आणि टेपवर त्याचा चार आकडी नंबर. म्हणाला, नंबर आहे, आणून दे नाहीतर फोन कर.

तो नंबर म्हणजे इथलीच मोठी गंमत आहे. कॅम्पला स्वतःचं टेलिफोन एक्स्चेंज असतं. आपल्याकडे लँडलाइनच्या जमान्यात घरात फिरत बोलायचे ते कॉर्डलेस फोन आठवतायत? तेच, डेक्ट. लोक जुन्या बाजारातून हँडसेट उचलून आणतात, आधी वेबसाइटवर हवा तो चार आकडी नंबर अडवून ठेवायचा आणि इथे येऊन हँडसेट जोडायचा की झालं, अख्ख्या मैदानात कुठेही फोन लागतो, फुकट. मी दहा युरोला एक घेतला होता, बॅटरीचं झाकण नाही, रबरबँड लावलाय. नंबर घेतला ७८६३. बटणांवरची अक्षरं बघा, पी-यू-एन-ई. पुणे शिल्लक होतं! मला वाटलेलं कोणीतरी नक्की घेतलं असणार, आपण सगळीकडे असतो.

इंटरनेटचं पण ऐका. मैदानभर निळे फिरते संडास आहेत, त्यातले काही खरे आणि काही खोटे. खोट्यांच्या आत नेटवर्कचे स्विच, फायबर आणि पंखे. यांना डाटेनक्लो म्हणतात, सरळ मराठीत डेटाचा संडास. पाऊस लागत नाही, कुलूप लागतं, ट्रकवर बसतो, भाड्याने कुठेही मिळतो, अजून काय पाहिजे. तिथून आपली केबल आपण ओढायची आपल्या तंबूपर्यंत. मी पहाटे घाईत असताना खोट्याचं दार दोनदा ओढलंय, सांगून ठेवतो.

आणि आत सगळ्यांना खरा पब्लिक आयपी मिळतो, मध्ये फायरवॉल वगैरे काही नाही. म्हणजे तुमचा लॅपटॉप थेट जगाच्या रस्त्यावर उभा, आजूबाजूला हजारो हॅकर. मी घरूनच सगळं अपडेट करून नेलं होतं, तरी पहिल्यांदा केबल खुपसताना हात जरा थबकला. वायफायला तर युजरनेम-पासवर्ड काहीही टाका, चालतं. पासवर्ड माणूस ओळखायला नाहीच, प्रत्येकाचं कनेक्शन वेगळं एन्क्रिप्ट व्हावं एवढ्यासाठी.

बुधवार, १६ ऑगस्ट (दिवस दुसरा)

आज बॅज मिळाला. बॅज म्हणजे गळ्यात घालायचं ओळखपत्र नाही, कॉम्प्युटर आहे. यंदाचा फुलाच्या आकाराचा, नाव flow3r, म्हणजे इंग्रजी 'फ्लॉवर', त्यातल्या ई च्या जागी ३. दोन सर्किट बोर्ड एकावर एक, मध्ये गोल स्क्रीन, आत ईएसपी-३२ जातीची चिप, स्पीकर, ४० रंगीत दिवे, आणि पाच वरच्या पाच खालच्या अशा दहा पाकळ्या, ज्यांना बोट लावलं की सूर निघतो. वाद्यच आहे. आणि मायक्रोपायथनमध्ये प्रोग्रॅम लिहायचा. एका तंबूत लांब टेबलं, लोक छोटे स्क्रूड्रायव्हर घेऊन मान खाली घालून बसलेत, बॅटरीची वायर चिमटीत धरून. गवतात स्क्रू पडला की चार माणसं गुडघ्यावर.

संध्याकाळपर्यंत मैदानात शेकडो बॅज एकदम केकाटायला लागले. सुरेल म्हणणार नाही. दिवाळीत गल्लीतल्या सगळ्या पोरांना एकदम पिपाण्या दिल्या तर कसं होईल, तसं.

बॅजवर स्वतःचं नाव दाखवता येतं. मी लगेच शहाणपणा केला, देवनागरीत 'मिसळ' टाकलं. तीन चौकोन आणि एक टिंब. फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. शेजारी एक जर्मन पोरगा बसलेला, त्याने विचारलं की फॉन्ट घालू की, अवघड काय आहे? मग त्याला समजावलं की बाबा, ही वेलांटी आहे ना, ती बोलताना म च्या नंतर येते, टाइप पण नंतर करतो, पण दिसते म च्या आधी. तो गप्प. मग म्हटलं आणि जोडाक्षरं, क आणि ष मिळून क्ष, जो दोघांसारखाही दिसत नाही. तो म्हणाला, म्हणजे नुसते ठसे पुरत नाहीत, ठसे जुळवणारा कारागीर पण लागतो. बरोबर! शेवटी आम्ही लॅपटॉपवर 'मिसळ' लिहून त्याचं चित्रच बनवलं आणि ते स्क्रीनवर टाकलं. जुगाड, पण दिसायला देखणा. दिवसभर लोक विचारत होते काय लिहिलंय, मी प्रत्येकाला फरसाणपर्यंत सगळं समजावत होतो.

त्याच टेबलावर एक बाई होत्या, फॅब लॅब (कोणीही येऊन वस्तू बनवून बघायची कार्यशाळा) चालवतात म्हणाल्या. मी पुण्याचा म्हटलं तर मख्ख चेहरा, पुणे कुठे असतं माहीत नाही. मग म्हणाल्या, पाबळच्या जवळ का? मी उडालोच. शाळेच्या सुट्टीत मी सोल्डरिंग शिकलो ते पाबळलाच, विज्ञान आश्रमात. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला, आणि २००२ साली तिथे फॅब लॅब झाली ती अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली, त्यामुळे त्या जगात पाबळ म्हणजे मूळपीठ. पुणेकर म्हणून जरा लागलं, पण खोटं कशाला बोला, भारी वाटलं.

रात्री अकराला आईचा व्हिडिओ कॉल. तिकडे उजाडायचं होतं पण तिला झोप नाही. आज अमावास्या आहे आणि तू तंबूत कुठे झोपतोस? अधिक महिना संपतोय म्हणे आज. मी कॅमेरा फिरवून दाखवला, धुराड्यांवर लाल-निळे लाइट, धूर सोडलाय त्यात लेझर, आणि वरती खरंच मिट्ट काळं आकाश आणि चांदण्या. फोटो मात्र असे घेत सुटायचं नसतं इथे, माणसं दिसणार असतील तर आधी विचारायचं, म्हणून कॅमेरा वरतीच ठेवला. आई म्हणाली, मांडव छान घातलाय.

कॉल ठेवतो न ठेवतो तोच रबरबँडवाला फोन वाजला.

"हॅलो, पुणे का? खरंच कोणी आहे का तिकडे पुण्याचं?"

मराठी! मी तंबूतून उठून उभाच राहिलो, डोक्याला पोल लागला. फोनची यादी चाळताना पलीकडच्या बाईंना पुणे दिसलं होतं. सांगलीच्या, आता डेल्फ्टला असतात, नेदरलँड्समध्येही दर चार वर्षांनी असाच हॅकर कॅम्प होतो तिथल्या जुन्या वारकरी. मी अहो-जाहो करतोय तर म्हणाल्या, ताई म्हण रे, आणि उद्या चहाला ये, दूध आहे.

गुरुवार, १७ ऑगस्ट (दिवस तिसरा)

चहा घेतला. आलं घातलेला. बाकी इथे सगळे क्लब-माटे पितात, अर्ध्या लिटरची बाटली, थंड, गवती चहात सोडा घातल्यासारखं लागतं आणि १०० मिलीला २० मिलिग्रॅम कॅफिन, म्हणजे एक बाटली संपवली की झोपेला रामराम. पहिला घोट घाण लागतो, तिसरी बाटली आपण स्वतःहून मागतो.

ताईंनी एकच गोष्ट बजावली, भाषणांच्या मागे पळू नकोस, जवळपास सगळी रेकॉर्ड होतात, ती डिसेंबरात घरी रजईत बसून बघ. माणसं रेकॉर्ड होत नाहीत. त्यामुळे मी दिवसभर नुसता भटकलो आणि तीन तास कुलुपाच्या टेबलावर अडकलो.

कुलूप उघडायची कला कधी हातात घेतली नसेल तर सांगतो. आत पाच छोट्या पिना स्प्रिंगवर, किल्लीचे दाते प्रत्येकीला नेमकं हवं तेवढं उचलतात तेव्हा कुलूप फिरतं. किल्ली नसेल तर एक वाकडी पट्टी घालून अगदी हलकं फिरवून धरायचं, इतकं हलकं की नख पांढरं होता कामा नये, आणि दुसऱ्या सळईने एकेक पिन उचलत जायचं. कारखान्यात काहीच शंभर टक्के सरळ बनत नाही म्हणून पाचपैकी एकच पिन आधी अडते, ती उचलली की बारीकसा 'टक' आणि बोटाला केसभर ढिलाई कळते. मग पुढची. मी जोर लावत होतो, शिकवणारा माणूस माझ्या मनगटाला बोट लावून म्हणायचा, कमी, अजून कमी. दोन तासांनी उघडलं. नंतर त्याने तेच कुलूप आठ सेकंदात उघडून माझी हवा काढली.

तिथेच टेट्राची चर्चा चालू होती, कारण जुलैमध्येच त्यातली भानगड बाहेर आली होती. पोलीस, रेल्वे, वीज कंपन्या जगभर ज्या वायरलेसवर बोलतात ती पद्धत, तिचं गणित पंचवीसेक वर्षं गुपित ठेवलेलं. नेदरलँड्सच्या संशोधकांनी ते उकलून बघितलं तर त्यातल्या टीईए-१ नावाच्या प्रकारात किल्ली म्हणायला ८० बिटांची, पण आत गुपचूप ३२ बिटांवर आणलेली. साध्या कॉम्प्युटरवर मिनिटभरात फुटते. शिकवणारा हातातलं कुलूप दाखवून म्हणाला, बाहेर पाच पिनांची जागा आणि आत दोनच बसवल्यात, आणि गिऱ्हाईकाला सांगायचं की आत बघू नका, सुरक्षिततेसाठी. याहून सोपं करून मला कोणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी दोन तास ड्युटी केली. इथे स्वयंसेवकांना देवदूत म्हणतात आणि त्यांच्या ऑफिसला स्वर्ग. नाव नोंदवायचं, हवी ती ड्युटी घ्यायची. मी स्वर्गात जाऊन बाटल्या गोळा करायचं काम घेतलं. गाडा ओढत फिरायचं आणि रिकाम्या बाटल्या क्रेटमध्ये भरायच्या. माझ्याबरोबर एक केस पिकलेले गृहस्थ, गप्पांमध्ये कळलं की विद्यापीठात प्रोफेसर आहेत. क्रेट उचलताना मला ओरडले, कंबरेतून नाही, गुडघ्यातून. मी लहानपणी आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाचा कार्यकर्ता होतो, तिथे पण बँकेचे मॅनेजर काका रात्री दोनला शिडीवर चढून माळा बांधायचे. फरक एवढाच की इथे वर्गणीची पावती आधी ऑनलाइन फाडावी लागते आणि मिरवणुकीत डीजे जरा बरा असतो.

शुक्रवार, १८ ऑगस्ट (दिवस चौथा)

पोहे. ताई आणि मी मिळून आमच्या व्हिलेजला, म्हणजे आजूबाजूच्या तंबूंच्या वस्तीला, नाश्ता द्यायचा ठरवलं, बर्लिनच्या इंडियन दुकानातले तीन किलो जाडे पोहे मी येतानाच आणले होते. गॅसची शेगडी उघड्यावर, वारा सुटलेला, तेल तापेचना आणि मोहरी नुसती तळाशी बसून बघत होती. दाढीवाला (वायरवाला) आला, बघितलं, काही न बोलता गेला, दहा मिनिटांत ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून शेगडीभोवती बसेल असं कुंपण घेऊन आला, त्याला हवेसाठी भोकं पण पाडलेली. मोहरी तडतडली तेव्हा आठ-दहा जणांनी टाळ्या वाजवल्या. एकीने प्रामाणिकपणे विचारलं, पोहे किती मिनिटं उकळायचे? ताई म्हणाल्या, उकळायचे नाहीत गं बाई, नुसते चाळणीत भिजवायचे, आणि तिच्या हातावर भिजलेले चार दाणे ठेवून, दाब, असा मोडला पाहिजे. लिंबू कमी पडलं. कोथिंबीर नव्हतीच. तरी पातेलं चाटून पुसून.

दुपारी ऊन इतकं की तळ्यात जाऊन पडलो. बाकी काही केलं नाही, लिहिण्यासारखं काही नाही.

शनिवार, १९ ऑगस्ट (दिवस पाचवा)

शेवटचा दिवस, सगळेच चिडचिडे आणि हळवे. बॅजचं नवीन सॉफ्टवेअर आलं म्हणून सकाळी टाकलं, त्यात माझं 'मिसळ' उडालं, पुन्हा घातलं. रात्री रुळांशेजारी बसून ताईंनी यादी काढली, ८९ ला ॲमस्टरडॅम, मग ९३, ९७, २००१ असं करत करत डच कॅम्प कसे होत आलेत, २०२१ चा कोरोनामुळे २०२२ ला कसा गेला, पुढचा २०२५ ला. येशील ना? म्हटलं येईन, पोहे पाच किलो आणतो. लिंबं आण आधी, म्हणाल्या.

रविवार, २० ऑगस्ट

मोडामोड. मेखा उपटल्या, एक वाकली ती सरळ करत बसलो. काळी वायर गुंडाळायला घेतली तर दाढीवाला ओरडलाच, हातावर कोपराभोवती नाही! एक वेढा सरळ, दुसरा उलटा, परत सरळ, म्हणजे वायरला पीळ बसत नाही आणि पुढच्या वेळी फेकली की सरळ उलगडते. तीनदा करून दाखवलं. नीट गुंडाळून, पुसून, त्याच्या हातात दिली आणि मी व्हॅनमध्ये बसलो.

घरी येऊन बाल्कनीत तंबू वाळत घातला, सॅक उलटी केली. लाल वीटकूट, दोन स्क्रू, आणि एक छोटा काळा ॲडॉप्टर, पिवळ्या टेपचा. वायरच्या टोकाचा होता, मीच काढून खिशात टाकला असणार. टेपवर त्याचा चार आकडी नंबर, ठळक, नीट वाचता येतोय. रबरबँडवाला फोन चार्ज करून बघितला. कुठलं एक्स्चेंज आणि कुठलं काय, ते तर आज सकाळीच खोक्यात गेलं. त्याचं नाव मी विचारलंच नव्हतं. गुरुवारी तळघरात विचारून बघतो कोणाला माहीत आहे का.